विश्लेषण : डिमेन्शियाच्या रुग्णाची शुश्रूषा ‘नात्यातून’ कशी करतात? त्यासाठी कर्मचाऱ्यांना काय शिकवावे लागते?

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख नागरिकांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. त्यामुळे रुग्णाचे पुढचे आयुष्य कसे जाईल, हे बरेचसे त्याच्या जवळ असणाऱ्या माणसांवर ठरते. घरची सून किंवा मुलगा, ब्युरोतून आलेली ताई, वॉर्डातली मावशी, परिचारिका. या माणसांना अंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे शिकवले जाते. समोरच्या माणसाला ओळखणे मात्र क्वचितच शिकवले जाते. ‘नात्यावर आधारित शुश्रूषा’ ही पद्धत नेमके तेच शिकवते. ती काय आहे, तिचा उपयोग होतो याला पुरावा काय आणि मुंबईतील आरे कॉलनीसारख्या ठिकाणी ती कशी राबवता येईल, याचा हा आढावा.

रात्री दोनला उठणे हे लक्षण की सवय?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आरेतील तबेल्यात चाळीस वर्षे काम केलेले ७६ वर्षांचे आजोबा. डिमेन्शियाचे निदान होऊन तीन वर्षे झाली आहेत. न्यूमोनिया झाल्याने त्यांना रुग्णालयात दाखल केले आहे. रात्री दोनच्या सुमारास ते उठतात, खाटेवरून उतरू पाहतात, सलाइनची नळी ओढतात, ‘उशीर झाला, उशीर झाला’ म्हणत राहतात. अडवले की हात उगारतात. केसपेपरवर नोंद होते, ‘आक्रमक, रात्री झोपत नाहीत’. पुढच्या रात्री झोपेचे इंजेक्शन दिले जाते आणि हात खाटेला बांधले जातात.

आता यात एकच माहिती घालू. मुंबईच्या तबेल्यांत म्हशींची पहिली धार मध्यरात्रीनंतर काढली जाते, कारण दूध पहाटे गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचायचे असते. आजोबा चाळीस वर्षे त्याच वेळी उठत आले. त्यांच्या मनात आजही कामाची वेळ झालेली आहे. हे रात्रपाळीच्या मावशींना ठाऊक असते, तर त्यांनी ‘झोपा गुपचूप’ म्हणण्याऐवजी ‘आज धार दुसऱ्यांनी काढली, तुम्ही चहा घ्या’ असे म्हटले असते. लघवीला नेऊन आणले असते, दहा मिनिटे बसू दिले असते. ते प्रत्येक रात्री शांत झोपले असते असे नाही. पण पहिला उपाय म्हणून इंजेक्शन आणि दोरी पुढे आली नसती.

अर्थात, आजारपणात अचानक वाढलेल्या गोंधळामागे संसर्ग, वेदना, बद्धकोष्ठता किंवा तुंबलेली लघवी असू शकते. ते डॉक्टरांनी आधी तपासायलाच हवे. मात्र ‘हे त्यांचे नेहमीचे आहे की आज काही वेगळे आहे’, हे सांगायलासुद्धा त्यांना ओळखणारे कुणी तरी लागते.

भारतात डिमेन्शियाचे प्रमाण किती?

ज्येष्ठांच्या देशव्यापी ‘लासी’ सर्वेक्षणाचा डिमेन्शियाविषयीचा भाग म्हणजे ‘लासी-डॅड’. त्यावर आधारित अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. महिलांमध्ये हे प्रमाण ९ टक्के, तर पुरुषांमध्ये ५.८ टक्के आहे. ग्रामीण भागात ८.४ टक्के आणि शहरी भागात ५.३ टक्के. २०३६ पर्यंत रुग्णसंख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असाही अंदाज त्यात आहे. हा केवळ शहरी, सुखवस्तू घरांचा आजार आहे, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये डिमेन्शियासाठी जागतिक कृती आराखडा स्वीकारला. त्याची मुदत २०२५ पर्यंत होती. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ती २०३१ पर्यंत वाढवली. आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि घरी काळजी घेणाऱ्यांना आधार, हे दोन्ही या आराखड्याचे भाग आहेत.

‘नात्यावर आधारित’ हा विचार आला कुठून?

ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ मध्ये ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक लिहिले. रुग्णाची अवस्था केवळ मेंदूतील बिघाडाने ठरत नाही, भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात यानेही ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. काळजी घेणारी माणसे नकळत करतात अशा १७ घातक वागणुकींची यादी त्यांनी दिली. मोठ्या माणसाशी लहान मुलासारखे बोलणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, त्याला झेपणार नाही इतकी घाई करणे, खोटे सांगून काम करवून घेणे, थट्टा करणे, दुर्लक्ष करणे. यातले काहीच मुद्दाम केलेले नसते. आपल्या बहुतेक घरांत आणि वॉर्डांत हे रोज घडते.

किटवूड यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी रुग्ण होता. त्याच काळात आणखी एक विचार पुढे आला. १९९४ मध्ये अमेरिकेतील प्यू-फेत्झर कार्यगटाने ‘नातेकेंद्री शुश्रूषा’ हा शब्दप्रयोग मांडला. पुढे ब्रिटनमध्ये माईक नोलन आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांच्या शुश्रूषेसाठी सहा भावनांची चौकट तयार केली. सुरक्षितता, आपलेपणा, सातत्य, जगण्याला हेतू, काही तरी साधल्याचे समाधान आणि ‘मी कुणासाठी तरी महत्त्वाचा आहे’ ही जाणीव, या त्या सहा भावना.

या चौकटीतला महत्त्वाचा मुद्दा असा की, या सहाही गोष्टी रुग्णाला हव्यात, कुटुंबीयांना हव्यात आणि कर्मचाऱ्यालाही हव्यात. ज्या मावशींची नोकरी पंधरा दिवसांनी राहील की नाही हे ठाऊक नाही, त्या रुग्णाला सुरक्षित वाटेल असे वातावरण कुठून देणार? कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चर्चा करताना हा भाग बहुधा गाळला जातो.

प्रशिक्षणात प्रत्यक्ष काय शिकवतात?

पहिला भाग ओळखीचा. रुग्णाची जीवनकथा एका पानावर लिहून घेतली जाते. गाव, काम, बोली, आवडते पदार्थ, देवधर्म, कशाची भीती वाटते, अंघोळ कधी आणि कशी करतात, घरात त्यांना काय म्हणून हाक मारतात. हे पान फायलीत न ठेवता खाटेपाशी ठेवले जाते. हाक मारण्याचा मुद्दा मराठीत अधिक नाजूक आहे. आयुष्यभर ‘मास्तर’ किंवा ‘बाई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यक्तीला अनोळखी तरुणाने ‘ए आजी, तोंड उघड’ म्हटले, तर ती तोंड मिटूनच घेणार. उलट काही घरांत आजीला ‘तू’ म्हणण्यातच जिव्हाळा असतो. म्हणून अंदाज न बांधता घरच्यांना विचारायचे असते.

दुसरा भाग वागणुकीचा अर्थ लावण्याचा. रुग्ण ओरडला, मारायला धावला, सारखा दाराकडे गेला, तर त्याआधी काय घडले, नंतर काय केल्याने फरक पडला, याची छोटी नोंद ठेवायला शिकवतात. भूक, तहान, दुखणे, लघवीची घाई, ऐकू न येणे, हरवलेला चष्मा, टीव्हीचा आवाज, अशी कारणे एकेक करून तपासतात. तंत्रज्ञानातला बिघाड शोधावा तशीच ही पद्धत आहे. फरक इतकाच, की इथे बिघाड बहुधा माणसात नसून परिस्थितीत सापडतो.

तिसरा भाग संवादाचा. समोर येऊन, डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलणे. एका वेळी एकच गोष्ट सांगणे. उत्तरासाठी थांबणे. ‘मी कोण, ओळखा पाहू?’ अशी परीक्षा न घेणे. ‘आई कुठे आहे?’ असे ८० वर्षांच्या आजींनी विचारले, तर ‘ती कधीच गेली’ असे सुनावण्याऐवजी ‘आईची आठवण येते का? कशी होती आई?’ असे विचारणे. हे सगळे वर्गात ऐकून येत नाही. म्हणून प्रसंग वठवून सराव करवला जातो आणि नंतर प्रत्यक्ष कामावर कुणी अनुभवी व्यक्ती सोबत राहून दाखवते.

चौथा भाग कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मनाचा. शिवी किंवा मार खाल्ल्यानंतर येणारा राग, रुग्ण गेल्यावर होणारे दुःख, थकवा. याविषयी बोलायला आठवड्यातून एकदा तरी जागा मिळावी, असे ही पद्धत मानते.

याचा उपयोग होतो, हे सिद्ध झाले आहे का?

काही प्रमाणात होय. ब्रिटनमधील ‘व्हेल्ड’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ६९ नर्सिंग होममधील ८४७ डिमेन्शियाग्रस्तांचा त्यात समावेश होता. तेथील काही कर्मचाऱ्यांना व्यक्तिकेंद्री शुश्रूषा आणि रुग्णाशी संवाद वाढवण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत ते इतरांपर्यंत पोहोचवण्यात आले. नऊ महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत रुग्णांचे जीवनमान सुधारलेले आणि अस्वस्थता कमी झालेली आढळली. फरक मोठा नव्हता, पण होता, आणि खर्चही वाढला नाही.

औषधांची दुसरी बाजूही पाहायला हवी. डिमेन्शियाग्रस्त ज्येष्ठांना शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २००५ मध्ये दिला होता. कधी कधी ही औषधे आवश्यक असतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंदही करू नयेत. पण माणसे कमी आहेत म्हणून ती देणे, ही वेगळी गोष्ट.

मग मोबाइलवर प्रशिक्षण देऊन भागेल का? जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम घरी काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. त्याची भारतीय आवृत्ती बंगळूरुच्या निम्हान्समधील संशोधकांनी तपासली. रुग्णाकडे व्यक्ती म्हणून पाहण्याचा दृष्टिकोन सुधारला, पण काळजी घेणाऱ्यांचा ताण आणि नैराश्य यांत ठळक फरक दिसला नाही. अनेक सहभागी शेवटपर्यंत टिकलेही नाहीत. माहिती पोहोचवायला फोन चांगला आहे, पण शेजारी बसून दाखवणाऱ्या माणसाची जागा तो घेत नाही.

गोव्यात काय प्रयोग झाला?

आपल्याकडचा सर्वात महत्त्वाचा पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. डिमेन्शियावरील लोकाधारित संशोधनापैकी दहा टक्क्यांहून कमी संशोधन विकसनशील देशांत होते, मात्र ६६ टक्के किंवा त्याहून अधिक रुग्ण तिथे आहेत. या विषमतेवरून नाव घेतलेल्या ‘१०/६६’ या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाशी जोडलेले डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आले.

सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेल्या ८१ रुग्णांची कुटुंबे त्यात होती. त्यांच्यासाठी डॉक्टर किंवा परिचारिका नेमल्या नाहीत. स्थानिक भाषा येणाऱ्या, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या, ज्येष्ठांसाठी काम करण्याची इच्छा असलेल्या व्यक्तींना ‘गृहशुश्रूषा सल्लागार’ म्हणून तयार केले. साधारण आठवडाभराचे सखोल प्रशिक्षण दिले. त्यात ऐकण्याच्या कौशल्यावर भर होता. मग सहा महिने ते किमान पंधरवड्यातून एकदा घरी जात. आजाराची माहिती देणे, वागणुकीतल्या अडचणी कशा हाताळाव्यात ते सांगणे, सरकारी योजनांची वाट दाखवणे, अशी त्यांची कामे. पाठीशी मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक होते.

परिणाम काय झाला? काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागणुकीमुळे त्यांना होणारा त्रास लक्षणीय घटला. रुग्णांच्या वागणुकीतील समस्याही कमी दिसल्या, पण तो फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम म्हणावा इतका नव्हता. चाचणी लहान होती आणि ५९ कुटुंबेच शेवटपर्यंत राहिली. तरीही दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. नात्यातून मदत करायला मोठी पदवी लागत नाही. आणि आठवड्याचे प्रशिक्षण फळाला आले ते त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या नियमित भेटी आणि तज्ज्ञांच्या देखरेखीसह.

आरे कॉलनीत हे का महत्त्वाचे?

आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले. तेव्हा इथे जन्मलेली पिढी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. सुमारे १,३०० हेक्टरच्या या परिसरात २७ आदिवासी पाडे, तबेले, कर्मचारी वसाहती आणि झोपडपट्ट्या आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांबरोबरच तबेल्यांच्या कामासाठी उत्तर भारतातून आलेली कुटुंबे इथे राहतात. म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात चार-पाच बोली. दोन भाषा बोलणाऱ्या डिमेन्शियाग्रस्तांना अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी जड जाऊ लागते आणि ते लहानपणीच्या बोलीकडे वळतात. रुग्णालयातील प्रमाण मराठीत किंवा हिंदीत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ ‘समजत नाही’ असाच लावला जाण्याची शक्यता असते.

दुसरा मुद्दा भटकण्याचा. शहरात डिमेन्शियाग्रस्त घराबाहेर पडला तर तो रस्त्यावर हरवतो. आरेत रस्ता संपला की जंगल सुरू होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आरेत घराबाहेर बसलेल्या एका ज्येष्ठ महिलेवर बिबट्याने हल्ला केला आणि तिने हातातल्या काठीने त्याला परतवले, ते सीसीटीव्ही चित्रण देशभर पाहिले गेले. अशा ठिकाणी कुटुंबाने संध्याकाळी बाहेरून कडी लावली तर त्यांना दोष देता येत नाही. पण कोंडल्याने घालमेल वाढते, हेही खरे. प्रशिक्षित कर्मचारी इथे मधला मार्ग सुचवू शकतो. आजोबा रोज कुठल्या वाटेने निघतात ते पाहायचे, दिवसाउजेडी त्याच वाटेने त्यांना सोबत फिरवून आणायचे, अंधार पडण्याआधी हाताला काही काम द्यायचे, नाक्यावरच्या दुकानदाराला आणि तबेल्यातल्या लोकांना कल्पना देऊन ठेवायची.

तिसरा मुद्दा स्थलांतराचा. मेट्रो-३ च्या कारशेडच्या वेळी प्रजापूर पाड्यातील कुटुंबांना चकाला येथील इमारतीत हलवण्यात आले. पुनर्वसनाच्या वादात न जाताही एक गोष्ट सांगता येते. डिमेन्शिया असलेल्या व्यक्तीसाठी अंगण, चूल आणि पायवाट हीच स्मरणशक्ती असते. घर बदलले की संडासाचे दार कुठे, इथपासून नवी सुरुवात होते आणि नवे शिकण्याची क्षमता तर आजाराने आधीच हिरावलेली असते. पुनर्वसनाच्या यादीत कुटुंबांची संख्या मोजली जाते. त्यांतल्या अशा ज्येष्ठांची वेगळी नोंद झाली, तर निदान त्यांच्यासाठी काही तयारी करता येईल.

गोव्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो तो यामुळेच. पाड्यातलीच, तीच बोली बोलणारी, घरोघरी आधीपासून जाणारी आरोग्यसेविका किंवा स्वयंसेविका हे काम शिकू शकते. तिला नाते शून्यातून जोडावे लागत नाही.

मग अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. ज्या वॉर्डात एका परिचारिकेकडे क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण आहेत, तिथे ‘दहा मिनिटे शेजारी बसा’ हा सल्ला क्रूर वाटू शकतो. आरोग्यसेविकांकडे लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत कामांची रांग आधीच आहे. त्यात आणखी एक काम मानधन न वाढवता टाकले, तर ते कागदावरच राहील.

दुसरी अडचण सातत्याची. खासगी ब्युरोमार्फत येणारे केअरटेकर बारा तासांच्या पाळीत काम करतात. सुट्टी, आजारपण, पगाराचा वाद किंवा ब्युरोची सोय, यामुळे माणूस बदलतो. डिमेन्शियाग्रस्ताला नवा चेहरा ओळखीचा वाटायला आठवडे लागतात, तोवर चेहरा बदललेला असतो. उत्तम प्रशिक्षण दिलेल्या कर्मचाऱ्यालाही इथे नाते जोडायला वावच नसतो.

तिसरी अडचण मोजमापाची. किती जणांना प्रशिक्षण दिले, हा आकडा सरकारला आणि संस्थांना सोपा असतो. एका दिवसाची कार्यशाळा, प्रमाणपत्र, सामूहिक छायाचित्र. मात्र सहा महिन्यांनी तीच व्यक्ती त्याच रुग्णाकडे आहे का, झोपेच्या औषधांचा वापर घटला का, घरच्या बाईला रात्री झोप मिळते का, हे मोजले जात नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसाही येत नाही.

कुटुंबाने आज काय विचारावे?

रुग्णालयात किंवा ब्युरोत हे पाच प्रश्न विचारता येतील. एक, येणाऱ्या व्यक्तीने डिमेन्शियाच्या रुग्णासोबत आधी काम केले आहे का? दोन, किमान तीन महिने तीच व्यक्ती येईल का आणि तिच्या सुट्टीला येणारी बदली व्यक्तीही ठरलेली असेल का? तीन, तिला रुग्णाची बोली येते का? चार, रुग्ण चिडला तर ती काय करते? याचे उत्तर ‘धरून ठेवतो’ असे आले तर सावध व्हावे. पाच, तिला जेवणाची आणि विश्रांतीची वेळ, आठवड्याची सुट्टी मिळते का? शेवटचा प्रश्न तिच्या भल्याचा आहे, तितकाच तुमच्या घरातल्या ज्येष्ठाच्याही.

जीवनकथेचे एक पान मात्र कुणाची वाट न पाहता आजच लिहिता येते. रुग्णालयात दाखल करताना औषधांच्या चिठ्ठीसोबत ते द्यावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही ‘टेलिमानस’ हेल्पलाइन, दोन्ही मोफत आहेत. काळजी घेणाऱ्या व्यक्तीलाच थकवा किंवा नैराश्य जाणवत असेल, तर तीही दुसऱ्या क्रमांकावर बोलू शकते.

प्रशिक्षणाच्या घोषणा यापुढे वाढत जातील, कारण ज्येष्ठांची संख्या वाढते आहे. त्या वाचताना किती जणांना शिकवले या आकड्याबरोबरच, शिकलेली व्यक्ती त्याच रुग्णापाशी किती काळ टिकणार आणि तिला कुणाचा आधार असणार, हे विचारायला हवे. गोव्यातील चाचणीत फरक पडला तो आठवडाभराच्या वर्गासोबत सहा महिने नेमाने होत राहिलेल्या भेटींमुळे.